रात्रीचा गळ आणि सोबतीला मित्र: मराठवाडेकरांनी आपले अनुभव लिहावेत

मराठवाड्याला समुद्र नाही. आपली किनाऱ्याची हौस गोदावरी, मांजरा आणि धरणांच्या काठीच भागते. तरीही गळाचा नाद लागलेले काही जण रजा टाकून कोकणात जिताडा या खाडीतल्या माशासाठी जातात. मासा मिळालेला असो वा नसो, मित्रांसोबत काठावर जागवलेली एखादी रात्र येथे सविस्तर लिहावी. सुरुवात मी करतो.

आम्ही चौघे पैठणचे. नाथसागराच्या काठी गळ टाकत वाढल्यामुळे पाणी एका जागी थांबते आणि मासा फिरतो, एवढेच आम्हाला ठाऊक होते. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याला पहिल्यांदा पोहोचलो ती तिथी अष्टमी होती. काठावरचे कोळी काका आमच्या नव्या काठ्या पाहून हसले आणि म्हणाले, "आज भांग आहे, पाण्याला ओढ नाही." (भांग म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असण्याचे दिवस.) तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ साधारण कळते, हे गणित त्यांनीच शिकवले. पुढच्या खेपेला त्रयोदशी धरली, म्हणजे भरती रात्री पावणेदहाच्या सुमारास. ओहोटी लागली की खाडीतून कोळंबी आणि बोयटे हे छोटे मासे पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि त्यांच्या वाटेवर जिताडा दबा धरून बसतो. अकराच्या पुढे मित्राच्या काठीचे घुंगरू वाजले, मासा पाण्याबाहेर उसळला, बॅटरीच्या उजेडात त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल दिसला आणि दुसऱ्याच क्षणी तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सैल पडला. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते. गळाजवळ जाड दोरा बांधायला हवा होता. पहाटे तिसऱ्याला सुमारे दोन किलोचा मिळाला, मला काहीच नाही. (त्याची काठी सर्वांत स्वस्त होती, हे नमूद करणे भाग आहे.)

लातूरहून: आमची रात्र धनेगावच्या धरणाच्या काठची. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प आटला आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, त्या वर्षी आम्ही गळ टांगून ठेवले. जिथे बसत असू तिथे भेगाळलेली माती पाहून परतलो. नंतर पाणी आल्यावरही पहिल्या रात्री कोणी फारसे बोलले नाही.

नांदेडहून: मी आणि माझे दोन भाऊ विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला वाम (सापासारखा लांब मासा) धरायला बसत असू. वाम दिवसा चिखलात दडते आणि अंधार पडल्यावर खायला निघते, म्हणून गांडूळ लावून गळ तळाशी सोडावा लागतो. अडकली की ती दोऱ्याला वेटोळे घालते आणि तिच्या पाठीवरचे काटे हातात घुसतात. हे मला माझ्या तळहाताने शिकवले, भावांनी आधी सांगितले नव्हते. पावसाळ्यात मात्र आजोबांचा सक्त नियम होता: मरळीची तांबूस पिल्ले घोळक्याने वर येताना दिसली की तिथे गळ टाकायचा नाही, कारण खाली आई-बाप राखण करत असतात. धरणातल्या मासेमारीचा ठेका संस्थांकडे असतो, म्हणून आधी विचारून बसावे, हेही येथे लिहून ठेवते.

छत्रपती संभाजीनगरहून: आम्ही अलिबागहून एक जिताडा बर्फाच्या पेटीत घालून घरी आणला. वाटेत तीनदा बर्फ बदलावा लागला. आईने तो मरळीसारखाच काळ्या मसाल्यात केला आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढला. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "एवढ्या लांबून आणलास, पण ह्याला मातीचा वासच नाही की रे."