प्रतिस्पर्ध्याच्या संकेतस्थळावर त्याच्या नजरेत न येता जाहिरात चालवता येते का?

भटकंती_पुणे:
नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र मिळून पुण्याहून सह्याद्रीतले ट्रेक नेतो. आमच्याच शहरातल्या एका आयोजकांच्या संकेतस्थळावर राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई यांची इतकी तपशीलवार माहिती आहे की पावसाळा तोंडावर आला की शोधणारा माणूस बहुधा आधी तिथेच पोहोचतो. त्या पानांवर गुगलच्या जाहिराती दिसतात. राजमाचीच्या पानावर कोंडाण्याची वाट आणि लोणावळ्याची वाट या दोन परिच्छेदांच्या मधोमध परवा बुटांची जाहिरात होती. नेमकी तीच जागा आम्हाला मिळेल का, आणि त्यांच्या लक्षात न येता ती जाहिरात हंगामभर टिकेल का?

जाहिरात_नियोजक:
जागा मिळू शकते, आणि त्यासाठी त्यांची परवानगीही लागत नाही, कारण ॲडसेन्समार्फत, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गुगलच्या सेवेमार्फत, विकायला ठेवलेल्या जागेसाठी गुगल ॲड्स या जाहिरातदारांच्या सेवेतून कोणालाही बोली लावता येते. आधी त्यांच्या संकेतस्थळाची ‘ॲड्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल ब्राउझरमध्ये उघडा; तिथली जाहिरातींची जागा कोण विकू शकते याची ती यादी असते. तीत गुगलच्या नावाची ओळ असेल, तर तिथली जागा गुगलमार्फत विकली जाते असे समजावे. मग डिस्प्ले मोहिमेत, म्हणजे संकेतस्थळांवर चित्रांच्या जाहिराती दाखवणाऱ्या मोहिमेत, ‘प्लेसमेंट्स’ (जाहिरात कुठे लागावी) याखाली पूर्ण संकेतस्थळाऐवजी राजमाचीच्या पानाचाच पत्ता द्या आणि ‘ऑप्टिमाइझ्ड टार्गेटिंग’ ही गुगलने आपणहून इतरत्र ग्राहक शोधण्याची सोय बंद करा, नाहीतर पैसे भलतीकडेच खर्च होतील. पुष्कळ जण हा पत्ता ‘कस्टम सेगमेंट’मध्ये, म्हणजे जाहिरात कोणाला दिसावी हे ठरवण्याच्या जागी, टाकतात. त्याने जाहिरात त्या संकेतस्थळावर लागत नाही. तशा प्रकारची संकेतस्थळे पाहणाऱ्या लोकांना ती इतरत्र दिसते.

लपून राहण्याविषयी मात्र मी आपल्याला आशा दाखवणार नाही. त्यांच्या कार्यालयाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) आपल्याला ठाऊक असेल तर तो वगळता येतो, परंतु त्यांचा माणूस घरून किंवा मोबाइलवरून पान उघडेल तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. पुणे शहरच वगळले तर आपले गिऱ्हाईकही वगळले जाईल. शिवाय ॲडसेन्समधल्या जाहिरात-तपासणीच्या विभागात आपल्या पानांवर कोणत्या जाहिराती लागल्या हे मालकाला बसल्या जागी पाहता येते, आणि जाहिरातदाराचा पत्ता टाकला की त्याच्या सगळ्या जाहिराती थांबवता येतात. २०२३ पासून गुगलचे ‘ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर’ही सर्वांना खुले आहे, पडताळणी झालेल्या जाहिरातदाराचे नाव आणि त्याच्या जाहिराती तिथे कोणालाही सापडतात.

भटकंती_पुणे:
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. मग दुसऱ्या नावाने एक वेगळे पान उभारून तिथून नोंदणी घेतली तर?

जाहिरात_नियोजक:
तसे कृपया करू नका. आपली ओळख लपवणारी जाहिरात गुगलच्या धोरणात बसत नाही आणि खाते बंद होऊ शकते, पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच आहे. ऐन पावसात निसरड्या वाटेवर जो माणूस आपल्या भरवशावर पाऊल टाकणार आहे, त्याला आपल्याला कोण नेत आहे हे पैसे भरण्यापूर्वी कळलेच पाहिजे.

वकील_ठाणे:
कायद्याच्या बाजूने पाहता केवळ जागा विकत घेण्यात गैर काही नाही. गुगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये असे म्हटले की दुसऱ्याचे व्यापारचिन्ह (नोंदवलेले नाव) जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून वापरणे एवढ्यानेच हक्कभंग होत नाही, मात्र त्यातून ग्राहकाचा गोंधळ होत असेल किंवा त्या नावाचा गैरफायदा घेतला जात असेल तर प्रश्न निराळा. आपण तर त्यांचे नाव वापरणारही नाही. तरीही चित्रात त्यांच्यासारखे रंग, त्यांच्यासारखे चिन्ह किंवा ‘अधिकृत नोंदणी’ असे शब्द येऊ देऊ नका, कारण ती जाहिरात त्यांच्याच पानावर असल्याने वाचणाऱ्याला ती त्यांचीच वाटण्याचा संभव इतर ठिकाणांपेक्षा अधिक असतो.

पाककृती_नाशिक:
मी एक संकेतस्थळ चालवते, म्हणून पलीकडची बाजू सांगते. जाहिरातींची यादी मी रोज पाहत नाही, परंतु एखादा वाचक “ताई, हे तुमचेच वर्ग आहेत का?” असे विचारतो तेव्हा लगेच पाहते, आणि माझ्यासारखेच वर्ग घेणाऱ्यांची जाहिरात असेल तर बंद करते. गुगल ॲड्समधून येणाऱ्या जाहिरातीतला साधारण ६८ टक्के वाटा संकेतस्थळाच्या मालकाला मिळतो, त्यामुळे सगळेच मालक माझ्याइतके कडक असतील असे नाही. माझे मत विचाराल तर त्यांना सरळ भेटा. त्यांच्या तारखा भरल्या की उरलेले लोक ते कोणाकडे तरी पाठवतच असतील, आणि जून ते सप्टेंबरपर्यंत ठरलेल्या दराने जागा देण्यासही ते कदाचित तयार होतील.

भटकंती_पुणे:
सर्वांचे मनापासून आभार. आमच्याच नावाने, फक्त राजमाचीच्या पानावर, लहान रकमेची मोहीम सुरू करतो. त्यांनी थांबवली तर उरलेली रक्कम स्वतः ट्रेक न नेणाऱ्या, पण गडकिल्ल्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांकडे आणि यूट्यूब वाहिन्यांकडे वळवू. या आठवड्यात त्यांना फोनही करतो.