पारावरच्या वादात खोट कुठं आहे ते ओळखायचं कसं?

पऱ्हाटीवाला, दारव्हा

नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, सगळी कोरडवाहू कास्तकारी, पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् तूर. संध्याकाळी पारावर बसलं का वाद सुरू, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बी तेच. मले कळते का समोरचा बोलून राह्यला त्याच्यात काहीतरी चुकून राह्यलं, पण नेमकं काय ते तिथल्या तिथं सांगता येत नाही, घरी येऊन आडवं झालो का मंग सुचते.

आता पाहा, शेजाऱ्यानं मागच्या साली कृषी केंद्रातून एक टॉनिक आणून मारलं अन् त्याले एकरी नऊ क्विंटल कापूस झाला. आता अर्धं गाव तेच टॉनिक उधारीवर आणाच्या मागं लागलं. मी म्हटलं, त्याचं वावर नाल्याकाठचं काळं हाय, विहिरीचं पाणी हाय. तर म्हणते, "मारलं अन् पिकलं, अजून काय पुरावा पायजे तुले?"

दुसरं आमच्या काकाचं. फवारताना मास्क बांधा, हातमोजे घाला म्हटलं तर म्हणते, "वीस वर्षं झाले असाच फवारून राह्यलो, मले काय झालं?"

अन् ग्रामसभेत मी नालीच्या खर्चाचा हिशोब मांगितला तर एक मेंबर म्हणे, "म्हणजे तुले गावाचा विकासच नाही पायजे." सगळे माह्याकडे पाहाले लागले, मी बसून गेलो.

तर्कदोषांच्या लंब्या याद्या नेटवर हायेत, वाचल्या, पण पारावर त्यातलं नाव घेऊन काय फायदा? ओळखायचं कसं अन् मोठ्या माणसाले न दुखावता बोलायचं कसं, सांगा.

निवृत्त मास्तर, अमरावती

बाळा, नावं पाठ करू नकोस. तुझ्या पहिल्या दोन उदाहरणांत खोट एकाच जातीची आहे, ती नीट बघ.

टॉनिक मारलं आणि पिकलं, म्हणून टॉनिकनं पिकलं. आपल्याकडे म्हण आहेच, कावळा बसायला अन् फांदी मोडायला. एकामागून एक घडलं म्हणून पहिल्यानं दुसरं घडवलं असं होत नाही, घडवलं असेलही, पण तेवढ्यावरून कळत नाही. कळायचं असेल तर गावातले सगळे कास्तकार चार ढिगांत टाकावे लागतील: मारलं अन् पिकलं, मारलं पण नाही पिकलं, मारलं नाही तरी पिकलं, मारलंही नाही अन् पिकलंही नाही. पारावर बोलतो तो फक्त पहिला ढीग. ज्यानं मारून पाच क्विंटलच काढला तो गप्प बसतो, पैसे गेले ते कोण चारचौघांत सांगणार? आणि ज्यानं न मारताच आठ काढला त्याला कोणी विचारतच नाही.

काकांचंही तेच, फक्त तिथं जिवाशी खेळ आहे म्हणून मी जरा जास्त लिहितो. 2017 च्या पावसाळ्यात तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली होती, फवारा सरळ तोंडावर येत होता, दोन-दोन तीन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. त्यातले बरेचजण आदल्या वर्षापर्यंत म्हणतच असतील की मला काय झालं. ज्यांना झालं ते पारावर येऊन सांगू शकत नाहीत, म्हणून पारावरचा हिशोब नेहमी काकांच्याच बाजूनं निघतो. हे एकदा ध्यानात आलं की असल्या बोलण्यात पहिला प्रश्न आपोआप सुचतो, बाकीचे कुठं आहेत?

आता बोलायचं कसं. काकांना "तुमचं चुकतं" म्हणू नकोस. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत जायचे अन् उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं. तसं विचार, "काका, सतरा साली आपल्या भागात कोणकोण भरती झालं होतं? ते कसे फवारत होते?" आणि मग गप्प राहा. नावं काकाच घेतील.

मेंबरचं प्रकरण वेगळं आहे. त्यानं तुझा प्रश्न बाजूला सारून तुझ्या तोंडी भलतंच वाक्य घातलं अन् मग त्या वाक्याला झोडपलं. अशा वेळी विकासावर सफाई द्यायला बसलास की फसलास. एवढंच म्हण, "विकास पाहिजेच, मी खर्च किती झाला ते विचारलं." तेच वाक्य, त्याच आवाजात, परत. आणि तुझा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लाव. नाहीच सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक, 2005 चा कायदा आहे, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आशाताई, वाशीम

मास्तरांनी ढिगाचं सांगितलं ते साप चावल्यावर तर लयच लागू पडते. आमच्याकडे अजून बी काही घरचे आधी मांत्रिकाकडे नेतात अन् म्हणतात तिथं कितीतरी लोकं बरे झाले. बरे होतातच ना, कारण घरात-वावरात निघणारे बहुतेक साप बिनविषारी राह्यते, धामण, दिवड, कवड्या, अन् विषारी साप बी कधीकधी कोरडा चावते, विष सोडतच नाही. म्हणजे ज्याले काहीच होणार नव्हतं तो मंत्रानं वाचला असं गावभर होते. अन् ज्याले नाग, मण्यार, घोणस नाहीतर फुरसं चावलं तो गेला तर काय म्हणतात माहीत हाय? "उशिरा आणलं, नाहीतर वाचला असता."

हे नीट पाहा. वाचला तर मंत्रानं, गेला तर उशीर झाला. म्हणजे मंत्र खोटा ठरायची जागाच ठेवली नाही. अशा बोलण्यावर मी एकच विचारते, "काय झालं असतं तर तुम्ही मानलं असतं का मंत्र चालला नाही?" याचं उत्तर येत नाही. पण घरात पेशंट असताना हे विचारत बसू नका, आधी गाडी बोलवा, त्या चारही सापांवर चालणारं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात राह्यते. अन् साप, विंचू, कुत्रं चावलेल्याले दवाखान्यात जाण्यापासून अडवणं अन् मंत्र करत बसणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा हाय, हे बी घरच्यांना शांतपणे सांगता येते.

पऱ्हाटीवाला, दारव्हा

धन्यवाद मास्तर, ताई. अजून एक राह्यलं. मी टॉनिकवाल्या पोराले म्हटलं का कृषी केंद्रवाला तर विकाच्यासाठीच सांगन, तर तो म्हणते, "तू तरी कुठं शेतकी कॉलेज शिकला, तू कोण सांगणारा?" आता इथं कोणाचं चुकलं?

बोंडअळी नको रे बाप्पा, वर्धा

भाऊ, दोघं बी माणसावर गेले, मुद्दा तसाच पडून राह्यला. पण दोन्ही सारखे नाहीत. विकणाऱ्याचा फायदा हाय म्हणून त्याच्या शब्दावर डोळे मिटून भरोसा ठेवू नये, हे बरोबर हाय, पण फायदा हाय म्हणून टॉनिक खोटंच असं बी नाही, तेवढ्यानं फक्त दुसरीकडून तपासायचं ठरते. अन् तू कॉलेज शिकला नाही म्हणून नाल्याकाठच्या जमिनीचा मुद्दा खोटा होत नाही, तो कोणी बी सांगितला तरी तेवढाच खरा.

एक अजून सांगतो, हे याद्या वाचणारे लोकं विसरतात. कारण चुकीचं दिलं म्हणून माणसाचं म्हणणं चुकीचंच असं नाही. आमच्या इकडे एकजण म्हणे, बांधावरच्या एका झाडाले अळी दिसली म्हणजे सगळ्या वावरात अळी हाय, फवारा मारा. एका झाडावरून असं ठरत नाही. म्हणून आम्ही वावरात इकडून तिकडून 20 हिरवी बोंडं तोडून फोडून पाह्यली, 3 मंधात गुलाबी अळी. 20 मंधात 2 म्हणजे 10 टक्के झाले का फवाराची पातळी गाठली असं सांगतात, इथं तर 3 निघाल्या. म्हणजे त्याचं कारण कच्चं होतं पण गोष्ट खरी निघाली. "तुमचा तर्क चुकला" म्हणून आम्ही घरी बसलो असतो तर बोंडं गेलीच होती.

टॉनिकचं बी तोंडानं भांडू नको. शेजाऱ्याले म्हण, औंदा मार, पण मधातले सहा तास, म्हणजे पऱ्हाटीच्या सहा ओळी, न मारता सोडून दे, त्याच वावरात, तेच बियाणं, तेच खत. काठाचे सोडू नको, धुऱ्याजवळची पऱ्हाटी तशी बी वेगळी येते.

पऱ्हाटीवाला, दारव्हा

हे जमते. विचारलं त्याले, तयार हाय, म्हणे पाहूनच घेऊ. पण मोजायचं कसं, पहिल्याच वेच्यात वजन करू का सगळे वेचे झाल्यावर?

बोंडअळी नको रे बाप्पा, वर्धा

सगळे वेचे. टॉनिकनं बोंडं लवकर फुटली तर पहिल्या वेच्यात जास्तच दिसन अन् शेवटी बरोबरी होऊन जाईन. सोडलेल्या सहा तासांच्या बाजूचे टॉनिकवाले सहा तास धर, दोन्हीची गाठोडी वेगळी बांध, मजुराईनले आधीच सांगून ठेव अन् दर वेच्याले काट्यावर वजन झालं का वहीत लिही, शेजाऱ्यासमोरच लिही. अन् टॉनिकच्या डब्याचं बिल बी त्याच पानावर लाव, कापूस दहा किलो जास्त निघून बिल त्याच्यावर गेलं तर त्याचा हिशोब बी तिथंच दिसला पायजे.