मदत हवी आहे: भाच्याचा चाकू पोलिसांनी जप्त केला, आता जबाबाला बोलावलंय

रानवारा
नमस्कार मंडळी. भाच्याच्या सॅकमध्ये फोल्डिंगचा चाकू सापडला म्हणून पोलिसांनी काढून घेतला आणि आता जबाबाला बोलावलंय. साधा ट्रेकचा चाकू आहे, खिशात मावणारा. मारामारी नाही, वाद नाही, दारू नाही. पोरगा शिकायला गेलाय. वकील करावा लागेल का? केला तर किती घेतात? पुढच्या मंगळवारी जायचंय. त्याच्या घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे जरा लवकर उत्तरं द्या. आणि "चाकू ठेवलाच कशाला" असले प्रतिसाद नकोत, कृपया.

सह्यकडा
अजिबात घाबरू नका. शस्त्र कायद्याच्या नियमांत पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तरच ते शस्त्र धरतात, त्यातही घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. खिशातला चाकू त्याच्या जवळपासही येत नाही. माझ्या सॅकला कायम सुरा असतो, राजमाची म्हणू नका, हरिश्चंद्रगड म्हणू नका. पंचनामा केला का? पावती दिली का? नसेल तर तिथेच त्यांना पकडा.

काळा_कोट
सह्यकडा, अर्धीच गोष्ट सांगताय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश लागू असेल तर ९ इंचांचा हिशोब चालत नाही, कलम १३५ लावून मोकळे होतात. सण, निवडणुका, मोर्चे असले की आयुक्तालयाच्या हद्दीत असे आदेश निघतच असतात. रानवारा, कुठलं पोलीस ठाणं? तारीख काय? नोटीस कुठल्या कलमाखाली आहे? एवढं सांगितल्याशिवाय काय बोलणार?

टवाळ_पोर
पुण्यात असेल तर नशीब समजा की कोयता नव्हता. २०२३ मध्ये कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या म्हणून दुकानदारांना सांगितलं होतं. नारळवाल्याची काय पंचाईत झाली असेल! (हलकं घ्या.)

रानवारा
अहो पुणे नाही, भाचा इंग्लंडमध्ये आहे. लिहिलंय ना वर, शिकायला गेलाय म्हणून.

सह्यकडा
शिकायला आमच्याकडची पोरं लातूरलाही जातात. देश लिहायचा राहिला तुमचा.

रेडिंगकर
इंग्लंड असेल तर वरचे सगळे प्रतिसाद बाजूला ठेवा. आधी हे सांगा: चाकू उघडल्यावर पातं लॉक होतं का? धार किती लांब आहे? कुठे पकडलं, आणि त्या वेळी तो ट्रेकला चालला होता का? हातात काय कागद दिलाय?

रानवारा
बटणाचा चाकू नाही हो. नखाने उघडावा लागतो. धार ८ सेंटीमीटर असेल. स्टेशनच्या बाहेर बॅगा तपासत होते तिथे सापडला. कागदावर "ऐच्छिक" असं काहीतरी आहे. ऐच्छिक आहे तर नाही गेला तर चालेल का? आणि वकिलाचं कुणी बोलतच नाहीये.

रेडिंगकर
बटण वेगळं आणि लॉक वेगळं. बटण दाबून किंवा झटक्याने उघडणारे चाकू तिथे १९५९ पासून विकायलाच बंद आहेत आणि २०२१ पासून घरात ठेवणंही गुन्हा आहे. तो प्रकार नाही हे बरंच झालं. मी विचारतोय ते मिटवतानाचं. पूर्ण उघडल्यावर "टक" असा आवाज येऊन पातं अडकतं का? मिटवायला एखादी पट्टी अंगठ्याने सरकवावी लागते का?

वकिलाचं: पोलिसांच्या जबाबाला वकील फुकट मिळतो. उत्पन्न विचारत नाहीत, व्हिसा विचारत नाहीत. अटक नसली, स्वतःहून गेलेला असला तरी मिळतो. त्यामुळे "किती घेतात" हा प्रश्नच नाही. मात्र "आपण काही केलं नाही, वकील कशाला" म्हणून एकट्याने जाऊन बसणं हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार आहे. ऐच्छिक हे नावापुरतं. नाही गेला तर अटक करून नेऊ शकतात.

टेक्सासचा_तात्या
वाचून हसावं की रडावं! खिशातल्या चाकूला जबाब? आमच्याकडे २०१७ पासून साडेपाच इंचांहून लांब पातंही कमरेला लावून फिरता येतं, शाळा-बारसारख्या काही जागा सोडल्या तर. न्यूयॉर्कसारख्या कडक राज्यालासुद्धा २०१९ मध्ये झटक्याने उघडणाऱ्या चाकवांवरची बंदी उठवावी लागली, कारण पोलीस त्या कलमाखाली सुतार, रंगारी आणि माल उतरवणाऱ्यांनाच पकडत होते. गुंडाला कायद्याने काय फरक पडतो? सापडतो तो सरळ माणूसच.

मिसेस_क्रॉयडन
तात्या, तुमच्याकडे चाकू कोण विचारतो, तुमच्याकडे बंदुका आहेत. इथे इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला चाकूचे पन्नास हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले जातात. मुलाच्या शाळेत चाकवांवर वेगळा तास घेतात, बाराव्या वर्षी. क्लासहून यायला त्याला उशीर झाला की मी बसस्टॉपवर जाऊन उभी राहते. साउथपोर्टला २०२४ मध्ये नाचाच्या वर्गातल्या तीन मुली चाकूहल्ल्यात गेल्या. हल्ला करणाऱ्या पोराने सतराव्या वर्षी ऑनलाइन चाकू मागवला होता. कायदा कडक आहे तो उगाच नाही. कुणाच्या भाच्याला मनस्ताप झाला तर वाईट वाटतं, पण नियम मला मान्य आहे.

टेक्सासचा_तात्या
ताई, तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. सतरा वर्षांच्या पोराला विकायला बंदी तेव्हाही होतीच ना? मग मिळाला कसा? आणि खून बहुतेक स्वयंपाकघरातल्या सुरीने होतात, ट्रेकच्या चाकूने नाही. सुऱ्यांची टोकं बोथट करा म्हणून तुमचा नट इद्रिस एल्बाही सांगून झाला. उद्या टोमॅटो चमच्याने कापा.

मिसेस_क्रॉयडन
त्याची चेष्टा करू नका. टोक नसलेल्या सुरीने भाजी नीट चिरता येते. माझ्याकडे आहे एक, काही बिघडत नाही.

हायडेलबर्गी
आमच्या जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडून लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ बाळगता येत नाही. झोलिंगनला २०२४ च्या ऑगस्टमध्ये जत्रेत हल्ला झाला, त्यानंतर ऑक्टोबरपासून जत्रा-मेळाव्यांमध्ये आणि लांबच्या गाड्यांमध्ये चाकवांना बंदी आली. बर्लिनने २०२५ मध्ये शहरातल्या बस-ट्रामही त्यात घेतल्या. गंमत म्हणजे झोलिंगन हे चाकू-सुऱ्यांसाठीच प्रसिद्ध गाव. ऑफिसातले जर्मन लोक वैतागतात, कारण इकडे आजोबा नातवाला खिशातला चाकू देतात अशी पद्धत आहे. पण वैतागून झालं की चाकू घरी ठेवतात.

रानवारा
हे सगळं ठीक आहे हो, पण माझ्या प्रश्नाचं काय? भाच्याशी बोललो. टक आवाज येतो. पट्टी दाबल्याशिवाय मिटत नाही. आता?

रेडिंगकर
मग सूट नाही. कायदा १९८८ चा आहे, क्रिमिनल जस्टिस ॲक्ट, कलम १३९. सार्वजनिक जागी पातं किंवा टोक असलेली वस्तू जवळ असणं हाच गुन्हा. उगारायला लागत नाही, दाखवायला लागत नाही. सूट मिळते ती धार ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटीमीटरपर्यंत असलेल्या दुमडणाऱ्या चाकूला, आणि तोही नुसत्या दाबाने कधीही मिटणारा असेल तरच. पातं लॉक झालं की तो न दुमडणाऱ्या सुरीच्या रांगेत जातो, मग पातं दोन इंचांचं का असेना. १९९० च्या दशकापासून कोर्टं असंच धरत आलीत. स्विस चाकवांतला नेहमीचा ९१ मिलीमीटरवाला चालतो आणि त्याच कंपनीचे १११ मिलीमीटरचे लॉकवाले अडकतात, ते यामुळेच. भाच्याचा दोन्हीकडून बाहेर: लॉकही आहे आणि ८ सेंटीमीटर म्हणजे मापही वर गेलं.

आता उरतं "योग्य कारण". कामासाठी, धर्मासाठी, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून, किंवा कोर्टाला पटेल असं दुसरं काही. ते सिद्ध करायचं काम आरोपीचं, पोलिसांचं नाही. म्हणून विचारलं की तो ट्रेकला चालला होता का.

रानवारा
ट्रेक आदल्या आठवड्यात झाला होता, पीक डिस्ट्रिक्टला. विद्यापीठाच्या क्लबबरोबर. सॅक तीच. बाजूच्या कप्प्यात राहिला. विसरला, बस. विसरणं गुन्हा आहे का?

काळा_कोट
विसरणं हे दर वेळी कारण धरलं जात नाही. आपल्याकडेही "माहीत नव्हतं" म्हणून सुटत नाही कुणी.

रेडिंगकर
काळा_कोट बरोबर बोलताहेत. नुसतं "विसरलो" पुरत नाही. पण तो ठेवला कशासाठी होता, ट्रेक खरंच झाला का, त्यानंतर किती दिवस गेले, हे सगळं मिळून पाहतात. क्लबचा ईमेल, गाडीचं तिकीट, त्या दिवसाचे फोटो, सगळं एका जागी काढून ठेवायला सांगा. पोलिसांना परस्पर पाठवू नका, वकिलाला द्या. जबाबात काय बोलायचं, लेखी निवेदन द्यायचं की गप्प बसायचं, हे वकीलच ठरवेल.

सरळमार्गी_९
किरपाण चालतं ना पण तिथे? मग हा भेदभाव नाही का? शिखांना वेगळा कायदा, आपल्याला वेगळा?

हायडेलबर्गी
धर्माचं कारण त्याच कलमात सगळ्यांसाठी आहे. भाच्याचा ट्रेकिंग हा धर्म असेल तर मांडून बघा. आणि आपल्याकडच्या विमानातही २०२२ पासून पातं ६ इंचांपर्यंतचं किरपाण देशांतर्गत प्रवासात चालतं. भेदभाव वगैरे नवा धागा काढा.

सुपारीबाज
अवांतर प्रश्न, माफ करा. पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला जातोय. अडकित्ता खिशात असतो माझ्या, सवय आहे. तो चालेल का? दुमडतो, लॉक नाही.

टवाळ_पोर
काका, अडकित्ता जप्त झाला तर पंचनाम्यात काय लिहितील इंग्रज? "सुपारीविरोधी शस्त्र"?

रेडिंगकर
सुपारीबाज, कलमात "पातं असलेली वस्तू" एवढंच लिहिलंय. २००५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने धार नसलेली, लोणी लावायची सुरीही त्यात धरली होती. चेक-इन बॅगेत टाका, लेकीच्या घरात वापरा, बाहेर नेऊ नका. सुपारी कातरून डबीत न्या.

सुपारीबाज
कातरलेली सुपारी ओली पडते. पण ठीक आहे.

काकू_फ्रॉम_डोंबिवली
मग दुकानातून नवीन सुरी घरी कशी न्यायची तिथे? मुलाला विळी पाठवायची होती, खोवणीसकट.

मिसेस_क्रॉयडन
पॅकिंगमधून, पावतीसकट, सरळ घरी. कुणी काही म्हणत नाही. विळी पाठवू नका हो, तो बसणार कुठे खाली. खोवलेलं खोबरं इथे गोठवलेलं मिळतं.

सह्यकडा
रेडिंगकर, पण हे पटत नाही. लॉक असतं ते बोटांवर पातं मिटू नये म्हणून. लॉक नसलेल्या चाकूने माझ्या मित्राचं बोट कापलंय नाणेघाटात. म्हणजे कायदा म्हणतो, जो चाकू सुरक्षित आहे तो बेकायदा?

रेडिंगकर
हो, गिर्यारोहक लोक तिथेही हेच बोलतात. कायद्याचं म्हणणं असं की लॉक असलेल्या पात्याने भोसकता येतं, बिनलॉकचं भोसकताना मिटतं. ज्याचं त्याला पटो. डोंगरात असताना लॉकवाला जवळ असेल तर तिथे कारण सांगता येतं. अडचण येते शहरात, स्टेशनवर.

रानवारा
शिक्षा काय होते ते सांगा स्पष्ट. व्हिसा जातो का?

रेडिंगकर
कमाल शिक्षा ४ वर्षं आहे. तो आकडा वाचून घाबरू नका. आधीचं काही नसलेल्या विद्यार्थ्याचं प्रकरण आणि मुद्दाम हत्यार घेऊन फिरणाऱ्याचं, कोर्टही एका मापाने मोजत नाही. मला त्याहून काळजी वाटते ती दुसरीच. जबाब झाल्यावर "कबूल कर, कोर्टाबाहेर मिटवू" असं काही समोर आलं तर पोरं सुटल्याच्या आनंदात सही करतात. त्यात बहुतेक वेळा गुन्ह्याची कबुली असते. पुढे व्हिसाच्या अर्जात शिक्षाच नाही, असल्या ताकिदीही विचारतात. तिथे लपवलं तर ते चाकूपेक्षा जड जातं. म्हणून वकिलाला पहिल्या वाक्यात सांगायचं: मी विद्यार्थी व्हिसावर आहे. सही करण्याआधी इमिग्रेशनवाल्याचंही मत घ्यायचं. विद्यापीठात विद्यार्थी सल्ला केंद्र असतं, तिथेही आजच जावं.

टेक्सासचा_तात्या
म्हणजे सफरचंदापायी डिग्री. वा रे लोकशाही.

मिसेस_क्रॉयडन
सफरचंद तुम्ही घुसडलंत, रानवारांनी लिहिलेलंच नाही. वाचून तरी लिहा.

रानवारा
बरं. वकिलाचा नंबर मिळाला, मी इथून फोन करतो. तिथले नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड ना?

रेडिंगकर
उन्हाळ्यात दीड, हिवाळ्यात अडीच. पण तुम्ही करू नका, भाच्याला करू द्या. तो सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय वकील तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही. आणि आता इथे आणखी तपशील टाकू नका. कुठला कप्पा, किती दिवस, सगळं उघड्यावर लिहून झालंय. उरलेलं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानवारा
संपादक मंडळ, माझे पीक डिस्ट्रिक्टपासूनचे प्रतिसाद काढता येतील का? लवकर.

संपादक मंडळ
विनंतीनुसार रानवारा यांचे ते प्रतिसाद थोड्या वेळात काढत आहोत. किरपाण, विळी आणि अडकित्ता ही चर्चा "परदेशी जाताना काय न्यावं" या धाग्यावर हलवली आहे. टेक्सासचा_तात्या आणि मिसेस_क्रॉयडन यांनी तिकडेच चालू ठेवावं.