गृहपाठाचं पूर्ण उत्तर द्यावं की नुसतं समीकरण मांडून द्यावं?

अवकल (धागाकर्ता)

इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्याकडे गणितं विचारायला येतात. क्लास नाही, फी नाही, सगळी ओळखीतली. हल्ली बहुतेक जण उत्तर हातात घेऊनच येतात. प्रश्नाचा फोटो काढला की चॅटजीपीटी सगळ्या पायऱ्या लिहून देतं. मग मला विचारतात, "काका, हे बरोबर आहे का, एवढंच सांगा."

माझं मत स्पष्ट आहे. डिफरन्शियल इक्वेशन (एखादी राशी किती वेगाने बदलते ते सांगणारं समीकरण) आणि फिजिक्स या दोन विषयांत, जे गणित गृहपाठाला आलंय त्याचं पूर्ण उत्तर देऊ नये. माणसाने नाही, अ‍ॅपने नाही आणि सीनिअरच्या वहीनेही नाही. मदत करायची ती समीकरण उभं करायला.

पावसाच्या थेंबाचं नेहमीचं गणित घ्या. थेंब स्थिर अवस्थेतून पडायला लागतो, हवेचा रोध वेगाच्या समप्रमाणात, तर वेग काढा. समीकरण एकदा मांडलं की चलं वेगळी करा, इंटिग्रेशन करा, संपलं. तिथे अडलेलं मूल थोड्या सरावाने सुटतं. खरी गोची त्याच्या आधी असते: कोणती दिशा धन धरायची, रोधापुढे वजा का, सुरुवातीची अट कोणती. अशीच एक मुलगी तयार उत्तर घेऊन आली होती. मी विचारलं, हवा नसतीच तर तुझ्या सूत्रातून काय यायला हवं? तिने रोधाच्या गुणांकाच्या जागी शून्य टाकलं, छेदात शून्य आलं, आणि ती म्हणाली, सूत्र चुकलंय. सूत्र अगदी बरोबर होतं. शून्य वरही येतं, म्हणून तिथे लिमिट घ्यावं लागतं, आणि ते घेतलं की गुरुत्वत्वरण गुणिले काळ हे शाळेतलं सूत्र बाहेर पडतं. हे बघताना जो आनंद होतो, तो तिच्या वाट्याला आलाच नव्हता.

आणखी एक. २ किलोमीटरवरून पडणारा थेंब, हवा नसती तर, जवळपास २०० मीटर प्रतिसेकंद वेगाने डोक्यावर आदळला असता. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब प्रत्यक्षात सुमारे साडेसहा मीटर प्रतिसेकंदाने पडतो. एवढा फरक त्या एका रोधाच्या पदामुळे. शिवाय एवढ्या थेंबावरचा रोध वेगाच्या नाही, साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पुस्तकाने गणित सुटावं म्हणून सोपं करून घेतलंय. उतरवलेल्या उत्तरात यातलं काही सापडत नाही.

कोकणकडा

पूर्ण असहमत. १९८५ साली स्वेलर आणि कूपर यांनी बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले होते. नवख्या मुलांना नुसती गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली, तर ती त्याच प्रकारची पुढची गणितं लवकर आणि कमी चुका करत सोडवतात, असं त्यांना दिसलं. ज्याला काहीच येत नाही त्याला "विचार कर" म्हणून बसवून ठेवण्यात त्याची रात्र जाते, हाती काही लागत नाही.

शिवाय या विषयाचा एक मोठा गुण तुम्ही विसरताय. डिफरन्शियल इक्वेशनचं उत्तर शोधणं अवघड, पण तपासणं सोपं. आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ समीकरणात घाला, दोन्ही बाजू जुळल्या आणि सुरुवातीची अटही पाळली गेली, तर उत्तर बरोबर. इथे उत्तर देणाऱ्यावर आंधळा विश्वास ठेवावाच लागत नाही. मग तयार उत्तराची एवढी भीती का?

प्रज्ञा_बार्शी

वरच्या दोघांचंही वाचलं. मी मराठी माध्यमातून आले. दहावीपर्यंत सगळं मराठीत, अकरावीला एकदम इंग्रजी. एम-थ्रीला, म्हणजे इंजिनीअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरला, आम्हाला तासिका तत्त्वावरचे सर होते. चांगले शिकवायचे, पण तास संपला की त्यांना दुसऱ्या कॉलेजात पळायचं असायचं. शंका विचारायची कुणाला? शहरातल्या मुलांना क्लास असतो, नात्यातला एखादा इंजिनीअर दादा असतो. हॉस्टेलवर रात्री अकराला सीएफ आणि पीआय (डिफरन्शियल इक्वेशनच्या उत्तराचे दोन भाग) यांत गोंधळ झाला, तर माझ्याकडे फक्त फोन होता. तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला तरी त्याने कधी "एवढंही येत नाही?" म्हटलं नाही. अवकल काका, तुमच्याकडे येणाऱ्या मुलांचं नशीब चांगलं. "कुणीही देऊ नये" हा नियम मात्र ज्याच्याजवळ कुणीच नाही त्यालाच जाचतो.

अवकल

@कोकणकडा, त्या प्रयोगातला अर्धा भाग राहिला. तिथे सोडवलेल्या उदाहरणापाठोपाठ लगेच तसंच एक गणित मुलांना स्वतः सोडवायचं होतं. जोडी होती ती. गृहपाठ उतरवताना जोडीतलं दुसरं गणितच गळून पडतं, कारण स्वतः सोडवायचं होतं तेच उतरवून झालेलं असतं. आणि स्वेलर यांच्याच पुढच्या कामात असंही दिसलंय की विद्यार्थी तयार होत गेला की सोडवलेल्या उदाहरणांचा फायदा ओसरतो. मला वेगळ्या गणिताचं पूर्ण उत्तर दाखवायला अजिबात हरकत नाही. थेंबाचं गृहपाठाला असेल, तर मी पॅराशूटचं पूर्ण सोडवून दाखवेन.

तपासण्याचा मुद्दा मान्य, पण तो अर्धाच. समीकरणच चुकीचं मांडलं असेल, रोधाचं चिन्ह उलटं घेतलं असेल, तरी उत्तर त्या चुकीच्या समीकरणात चपखल बसतं. चुकतं ते फिजिक्स, आणि ते कुठलंही डेरिव्हेटिव्ह पकडत नाही.

@प्रज्ञा, तुमच्या म्हणण्याचा मला नीट विचार करावा लागेल. फोनला "उत्तर नको, पुढची एकच पायरी सुचव" असं सांगता येतं, हे मुलांना कुणीतरी शिकवायला हवं.

दुसरं_वर्ष_ईएनटीसी

माझं सध्या सबमिशन चालू आहे, म्हणून थोडक्यात. सगळ्या विषयांच्या असाइनमेंट एकाच आठवड्यात, आणि सही मिळते ती फाइल पूर्ण आहे का बघून. आत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. मग आम्ही उतरवणारच. एक पायरी सुचवून घेऊन बसायला मलाही आवडेल, पण टर्मवर्कचे मार्क पानं भरण्याला आहेत. तुम्ही मदत कशी करावी यावर भांडताय. गृहपाठ कसा द्यावा यावर आधी भांडा.

फळा_खडू

मी शिकवतो आणि वरच्या मुलाशी सहमत आहे. लेखी गृहपाठाला मी मार्क देणं सोडलं. आता प्रत्येकाला फळ्यावर बोलावून दोन-तीन मिनिटं विचारतो. खोली ३० अंशांवर, चहा ९० वर, दहा मिनिटांत ६० झाला. आणखी दहा मिनिटांनी किती? उतरवलेली मुलं पटकन ३० म्हणतात. म्हणजे वीस मिनिटांत चहा खोलीइतका गार! गार होण्याचा वेग चहा आणि खोली यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात असतो, हा समीकरणाचा अर्थ ज्याला कळलाय तो आकडेमोड न करता ४५ सांगतो: चहा आणि खोली यांच्यातला फरक ६० चा ३० झाला, आता ३० चा १५. घरी कुणाची मदत घेतली हे मी विचारत नाही.

कोकणकडा

फळ्यावर बोलावणं उत्तम, पण वर्गात साठ-सत्तर मुलं असली तर निम्मं सत्र त्यातच जाईल. माझं मत कायम आहे: अडलेल्याला उत्तर द्या, आणि सोबत ते कसं तपासायचं तेही द्या. चिन्हाची चूकही पकडता येते. काळ खूप वाढवून बघा. थेंबाचा वेग अमर्याद वाढत असेल तर समीकरण चुकलंय.

प्रज्ञा_बार्शी

एनपीटीईएलची (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाची) व्याख्यानं चांगली आहेत, पण ज्यांचं इंग्रजी कच्चं त्यांना वेग झेपत नाही. अवकल काका, पॅराशूटचं गणित इथे मराठीत पूर्ण सोडवून टाकाल का? माझ्या धाकट्या भावाला थेंबाचंच आलंय.

अवकल

उद्या संध्याकाळी टाकतो, आकृतीसकट. तोवर भावाला थेंबावरच्या बलांचे बाण तेवढे काढून ठेवायला सांगा, आणि खालची दिशा धन धरायला.