मिस्त्रीच्या गैरवर्तनामुळे काम थांबवले. ठेकेदार पूर्ण पैसे मागतो आहे

अर्धविराम (ठाणे):
नमस्कार. आमच्या फ्लॅटमधील दोन्ही बाथरूमचे काम आम्ही एका ठेकेदाराला मटेरियलसह 1,60,000 रुपयांना दिले होते. स्टँपपेपरवर करार झालेला नाही. मात्र कामाची यादी, दर आणि हप्ते व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले होते आणि आतापर्यंतचे 1,00,000 रुपये मी बँक खात्यातूनच दिले आहेत. तोडफोड, पाइपलाइन, वॉटरप्रूफिंग आणि भिंतींच्या टाइल्स झाल्या असताना त्याच्या एका मिस्त्रीने माझ्या 19 वर्षांच्या मुलीच्या खोलीचे लोटलेले दार न विचारता उघडले आणि ती झोपलेली असताना मोबाइलवर तिचा फोटो काढला. ती जागी होऊन ओरडल्यावर "टाइल्सचा फोटो काढत होतो" असे त्याने सांगितले. त्या खोलीत टाइल्सचे काहीच काम नव्हते. मी त्याच वेळी काम थांबवून सगळ्यांना बाहेर काढले.

आता ठेकेदाराचे म्हणणे असे आहे की, मी माणूस बदलून द्यायला तयार होतो, काम तुम्ही बंद पाडले, तेव्हा उरलेले 60,000 पूर्ण द्या, नाहीतर माणसे आणून दारात बसवतो. त्याची हत्यारे (ग्राइंडर, ड्रिल, लेव्हल पट्टी वगैरे) आमच्या बाल्कनीत पडून आहेत. वाद मिटेपर्यंत ती अडकवून ठेवावीत का, आणि काही देणे लागत असेल तर ते कोणत्या हिशेबाने ठरवावे?

खडीसाखर:
ताई, एक रुपयाही देऊ नका. ज्याला घरात कसे वागावे हे कळत नाही, त्याला मजुरी मागण्याचा अधिकार कुठला? हत्यारेही देऊ नका, म्हणजे तो आपोआप सरळ येईल.

जुना सेक्रेटरी:
वरील संताप समजू शकतो, पण हत्यारे अडकवणे हा सल्ला घातक आहे. उद्या तोच ठेकेदार "माझा माल दाबून ठेवला" अशी तक्रार घेऊन पोलिसांकडे गेला, तर मूळ विषय बाजूला पडून तुम्हीच खुलासे देत बसाल. हत्यारांची यादी करा, फोटो काढा आणि सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या समक्ष त्याची सही घेऊन ती परत करा. त्यासाठी त्याला घरात घेण्याची गरज नाही. त्याहून तातडीचे काम म्हणजे, त्या दिवसाचे जिन्यातील आणि गेटवरील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे असे पत्र आजच कमिटीला देऊन पोच घ्या. बहुतेक सोसायट्यांत काही दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे चढते, आणि मग हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. कामगारांच्या नोंदवहीतील त्या दिवसाच्या पानाचाही फोटो काढून ठेवा.

ओळंबा:
मी स्वतः टाइल्स आणि वॉटरप्रूफिंगची कामे घेतो, म्हणून धंद्याच्या बाजूने लिहितो. आमच्यात मिस्त्री आणि बिगारी ठेकेदार आणतो, त्यांची मजुरी तोच चुकवतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरात त्यांनी जे केले त्याचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते. "माणूस बदलून देतो" एवढ्याने ती जबाबदारी संपत नाही. अशा प्रसंगानंतर त्याच ठेकेदाराची दुसरी टोळी घरात घ्यायला तुम्ही तयार नाही, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

हिशेबाबाबत मात्र सांगतो की, झालेल्या कामाचा दाम नाकारू नका आणि न झालेल्याचा देऊ नका. त्यासाठी आधी काम तपासून घ्या. नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरा, पातळीपाशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा, 48 तास तसेच ठेवा आणि खालच्या मजल्यावरील छताला ओल येते का ते पाहा. भिंतीच्या टाइल्स नाण्याने ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खाली माल भरलेला नाही, आणि ती टाइल आज ना उद्या सुटणार. हे सर्व तिऱ्हाईत इंजिनिअरकडून करून त्याची सही असलेला कागद घेतलात तर उत्तम. मग उरलेले काम आणि दुरुस्ती यांसाठी दोन वेगळ्या ठेकेदारांचे लेखी भाव मागवा. समजा तो खर्च 48,000 आला, तर ठरलेल्या 1,60,000 मधून तो वजा करून 1,12,000 राहतात. त्यातले एक लाख तुम्ही दिलेच आहेत, म्हणजे त्याचे 12,000 निघतात. खर्च 60,000 च्या वर गेला, तर उलट तोच तुम्हाला देणे लागेल.

कोर्टाची पायरी:
ओळंबा यांच्या हिशेबाची रीत न्यायालयातही टिकणारी आहे. करार तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा असला तरी तो करारच असतो. झालेल्या कामाचा लाभ तुमच्याकडे राहिला असल्यामुळे "एक रुपयाही नाही" ही भूमिका कायद्यात कमकुवत ठरते. निघेल ती रक्कम, आपले सर्व हक्क अबाधित ठेवून देत आहोत असे लिहून, खात्यावरच पाठवा. काम सदोष निघाले तर दोन वर्षांच्या आत तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी.

फोटोची बाब मात्र या हिशेबात अजिबात मिसळू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 खाली, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने तिच्या खासगीपणावर केलेले आक्रमण हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा, दखलपात्र गुन्हा आहे. मुलगी सज्ञान असल्यामुळे तक्रार करायची की नाही हे तिने ठरवावे, तुम्ही किंवा आम्ही नव्हे. तिने ठरवले तर तिची माहिती महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तो मोबाइल पोलिसांच्या हाती जितका लवकर पडेल तितके बरे. माणसे दारात आलीच, तर वाद न घालता 112 वर फोन करा.

अर्धविराम:
सर्वांचे आभार. हत्यारे सही घेऊन परत केली आणि कमिटीला पत्रही दिले. मुलीने तक्रार करण्याचे ठरवले आहे. हे कळताच ठेकेदाराचा निरोप आला की, "आमच्या कोणाविरुद्ध काही तक्रार नाही असे लिहून द्या, मी साठ हजार सोडतो." घरातील काही जणांना हे सोयीचे वाटते आहे.

कोर्टाची पायरी:
असे काहीही लिहून देऊ नका, आणि त्याला उत्तर देताना "तक्रार मागे हवी असेल तर पैसे सोडा" अशा अर्थाचे वाक्य तुमच्याकडूनही जाऊ देऊ नका. तो मेसेज लगेच खंडणीचा आरोप म्हणून तुमच्यावर उलटवला जाईल. त्याचा निरोप मेसेजने आला असेल तर पुसू नका, फोनवर आला असेल तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा आणि तक्रार नोंदवताना तोही सांगा. उत्तरात फक्त एवढे लिहा की, कामाची तपासणी चालू आहे आणि अहवाल आल्यावर निघेल ती रक्कम खात्यावर जमा होईल. वकील हवा असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.