कवायती फौजेने मराठेशाही बुडवली, असे म्हणणाऱ्यांस

दादरकर
गेले दोन दिवस आमच्या इतिहासप्रेमी गटात एक लेख फिरतो आहे. महादजी शिंद्यांनी युरोपीय पद्धतीची कवायती फौज उभारण्यासाठी फिरंगी सेनानी चाकरीस ठेवले त्याच दिवशी मराठेशाहीचा ऱ्हास सुरू झाला, गनिमी कावा सोडला नसता तर पेशवाई बुडवणारे १८१८ उजाडलेच नसते, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलची फौज कोसळली ती याच पापाची आधुनिक आवृत्ती होय, असा त्याचा मथितार्थ आहे. त्याखाली पडलेले टाळ्यांचे ढीग पाहून लिहिल्यावाचून राहवेना.

लालसोटला १७८७ मध्ये माघार घ्यावी लागल्यावर महादजींचे उत्तरेतील आसन डळमळले. ते पुन्हा स्थिर झाले ते १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे, आणि दोन्ही ठिकाणी काम केले ते महादजींचा फिरंगी सेनानी डी बॉयन याच्या कवायती पायदळाने आणि तोफांनी. राजपूत घोडेस्वारांच्या एल्गारापुढे पाय रोवून उभे राहणे हे गनिमी काव्याचे काम नव्हे. तेव्हा दोष कवायतीत शोधणे व्यर्थ आहे. दोष असा, की गंगा-यमुनेच्या दुआबातील महाल, म्हणजे परगणे, फौजेच्या खर्चासाठी तोडून दिले ते थेट सेनापतीच्या हाती. वसूल तोच करी आणि तलब, म्हणजे पगारही तोच वाटी, त्यामुळे शिपायाच्या दृष्टीने धनी कोण, हे उघडच होते. डी बॉयन गेला, त्याच्या जागी पेरॉन आला, आणि महालांसकट कंपू, म्हणजे पलटणींचे जथे, त्याच्या ओटीत पडले. दहा वर्षांत आपल्या माणसांतून पलटणींचे अधिकारी घडवण्याची तजवीज कोणी केली नाही, हे खरे पाप होय.

लेखाचा लेखक
तो लेख माझा आहे. त्याची चिरफाड करण्यापूर्वी मला एक ओळ पाठवली असतीत, तर सौजन्य दिसले असते.

आपण १७९० वर थांबलात, मी १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाबद्दल विचारतो. असईच्या लढाईत शिंद्यांच्या पायदळाची सूत्रे पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या गृहस्थाकडे होती, आणि सुमारे शंभर तोफा त्या एका दिवसात शत्रूच्या हाती गेल्या. घोड्यावरची फौज हरली तरी निसटते, पुन्हा उभी राहते. तोफांचे ओझे गळ्यात बांधलेली फौज एकदा हरली की संपते. अलीगडच्या किल्ल्याचा दरवाजा दाखवायला इंग्रजांना कोण मिळाला? शिंद्यांच्याच चाकरीतून फुटलेला ल्यूकन. आणि परक्यांवर पहारा सोपवण्याचे फळ तर त्याआधीच मिळाले होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांवर तलवार चालवली ती गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री कवायती पायदळाने. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये इंग्रज सेनानी मॉन्सनला मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून पळवत नेले, ते कोणाच्या कवायतीने?

दादरकर
गारदी परदेशी नव्हते. त्यांचा पुढारी सुमेरसिंग काही फ्रान्सहून आला नव्हता. त्यांची तलब थकली होती, आणि ती थकबाकी कोणाला हाताशी धरता आली हे आपण शाळेत शिकलो आहोत. पानिपतावर याच जातीच्या कवायती पायदळाचा सरदार इब्राहिमखान शेवटपर्यंत लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. तेव्हा ‘गारदी’ हा शब्द उच्चारला की विश्वासघात सिद्ध झाला, ही पद्धत सोडावी.

ठाणेकर
आपण दोघेही शिंद्यांच्या छावणीत अडकून पडला आहात. खरी गोष्ट आपल्या दारातली आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस पेशव्यांचा इंग्रजांशी तह झाला. दुसऱ्या बाजीरावाने किमान सहा हजारांची तैनाती फौज पदरी घेतली, तिच्यासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लावून दिला, आणि इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या राष्ट्राचा एकही युरोपीय चाकरीस न ठेवण्याचे कबूल केले. लष्करात सुधारणा करायची तर ती कोणाच्या हातून, हेही परक्याने ठरवायचे! पुढे पेशव्यांनी कॅप्टन फोर्डच्या हाताखाली स्वतःच्या पैशाने पलटणी उभ्या केल्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला त्या दापोडीहून निघाल्या आणि इंग्रजांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. याहून बोलके उदाहरण कोणते हवे?

अंतर्गत बंदोबस्ताचे म्हणाल, तर पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांचा कैदी होता. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचा ठपका कोणावर ठेवायचा, हे राज्याच्या न्यायाधीशाने नव्हे तर इंग्रजांचा पुण्यातील प्रतिनिधी, रेसिडेंट एल्फिन्स्टन याने ठरवले. आज त्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे. माझे बालपण त्याच भिंतीच्या सावलीत गेले, पण तेथून बंदिवान कसा निसटला हे शेजारच्या दहा मुलांपैकी एकालाही ठाऊक नाही. आणि आमच्या लोकलच्या स्थानकाला मात्र त्याच एल्फिन्स्टनचे नाव २०१८ पर्यंत मिरवत ठेवले होते. लाज वाटायला हवी.

दादरकर
फोर्डच्या पलटणींचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. परंतु स्थानकाबद्दल आपण ठामपणे चुकीचे लिहिले आहे. प्रभादेवी स्थानकाचे जुने नाव पुण्याच्या रेसिडेंटवरून पडलेले नव्हते. ते १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टनचे होते, आणि तो त्या रेसिडेंटचा पुतण्या. एल्फिन्स्टन महाविद्यालय काकाचे, स्थानक पुतण्याचे.

ठाणेकर
काका काय आणि पुतण्या काय, दोघेही एकाच दुकानाचे मालक! आपल्याला वंशावळी पाठ आहेत म्हणून आम्हाला अक्कल शिकवू नये. स्थानकाच्या त्या अरुंद जिन्यावर तीस वर्षे घुसमटत मी नोकरी केली आहे. पाटीवर कोणाचे नाव असावे, याबद्दल बोलण्याचा अधिकार मी कमावला आहे.

लेखाचा लेखक
जिन्याचा आणि वसईच्या तहाचा संबंध कळेल काय?

ठाणेकर
नावे कोण ठेवतो आणि पहारा कोण देतो, हा एकच प्रश्न आहे. ज्याला कळत नाही त्याने लेख लिहू नयेत.

पार्ल्याच्या एक वाचक
काकांनो, आवाज जरा खाली. मी इतिहासाची अभ्यासक नाही, पण आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव म्हणून पाच वर्षे काढली आहेत. पूर्वी आमचा एक जुना पहारेकरी होता. पगार संस्थेचा, खोली संस्थेची, आणि रात्री कोणाच्या घरी कोण आजारी आहे हेही त्याला ठाऊक असे. मग समितीने ‘शिस्त’ हवी म्हणून एका एजन्सीकडून गणवेशातली माणसे आणली. ती खरोखरच शिस्तीची होती. परंतु आम्ही पैसे एजन्सीला देत होतो आणि एजन्सी त्यांना तीन-तीन महिने पगार देत नव्हती. एका पहाटे, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती चालू असताना, पर्यवेक्षकाचा दूरध्वनी आला आणि चारही माणसे फाटक उघडे टाकून निघून गेली. त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. दादरकर म्हणतात ते मला यावरून पटते. पण एक विचारते: जुना पहारेकरी आम्ही काढला तो त्याला शिस्त येत नव्हती म्हणून की शिकवायचा कंटाळा होता म्हणून?

लेखाचा लेखक
ताईंचा अनुभव वाचनीय आहे, तरी पुरावा नव्हे. मात्र मुद्दा लक्षात आला. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढून शिंद्यांकडील युरोपीय अधिकाऱ्यांना चाकरी सोडल्यास वेतन देऊ केले, आणि पर्यवेक्षकाच्या दूरध्वनीप्रमाणेच त्याचा परिणाम झाला. काबूलच्या विमानांची निगा राखणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले आणि विमाने जमिनीवर खिळली, तेथेही हेच घडले. म्हणजे ‘कवायत’ या शब्दाऐवजी मी ‘परके अधिकारी’ लिहायला हवे होते, एवढे कबूल करतो. याहून अधिक नाही. परका अधिकारी आल्याशिवाय ती कवायत येणारच नव्हती, त्यामुळे माझा निष्कर्ष तसाच उभा आहे.

दादरकर
एवढ्या मोठ्या मनाबद्दल आभारी आहे; तारीख टिपून ठेवतो. परंतु निष्कर्ष उभा नाही, कारण १ नोव्हेंबर १८०३ ची लासवारीची लढाई आपण सोयीस्करपणे वगळली. तोवर युरोपीय अधिकारी जवळजवळ सगळे निघून गेले होते. उरलेले हिंदुस्थानी शिपाई आणि गोलंदाज तोफांपाशी असे लढले, की जिंकणाऱ्या जनरल लेकनेच ते सैतानासारखे, नव्हे वीरांसारखे लढले असे लिहून ठेवले. कवायत त्यांच्या अंगी मुरली होती. त्यांना हुकूम देणारा आपला माणूस तेवढा आपण तयार केला नव्हता.

आणि यशवंतरावांचे नाव घेऊन मला गप्प करू नये. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला त्यांनी शिंदे-पेशव्यांना हरवले ते कवायती पलटणींच्याच बळावर, आणि त्या दिवशी मर्दुमकी गाजवणाऱ्यांत विकर्स नावाचा त्यांचा अधिकारी होता. पुढे १८०४ मध्ये त्याने इंग्रजांविरुद्ध लढण्यास नकार दिला, तेव्हा त्याच्यासह तिघांची डोकी उडवण्यात आली.

लेखाचा लेखक
म्हणजे परक्या अधिकाऱ्याचे काय करावे, हे यशवंतरावांना माझ्याइतकेच कळत होते.

दादरकर
दोन वर्षे उशिरा कळले. तरीही पलटणी त्यांनी मोडल्या नाहीत, हे आपण पुन्हा गाळलेत.

ठाणेकर
त्रिंबकजी किल्ल्यातून कसा सुटला ते कोणी विचारलेच नाही, म्हणून सांगतो. सप्टेंबर १८१६ ची गोष्ट. खिडकीखाली घोड्याचा एक मोतद्दार काम करता करता गाणी म्हणत असे, आणि निरोप त्या गाण्यांतून आत जात, अशी परंपरागत कथा आहे. पहारा गोऱ्यांचा होता आणि त्यांना मराठी कळत नव्हते. आता कोणाला स्थानकाच्या नावावर आणखी काही म्हणायचे असल्यास मी जागाच आहे.