मदत हवी आहे : रिकम्बंट ई-सायकलला फेअरिंग कसं करावं?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. माझ्याकडे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची रिकम्बंट सायकल आहे. तिला २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी) बसवली आहे. नेहमीची फेरी भुसावळची. समोरून वारा असला की बॅटरी भराभर उतरते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला ताकद आठपट लागते, म्हणून मोठ्या मोटरीपेक्षा हवा कापणारं कवच, म्हणजेच फेअरिंग, करणंच मला शहाणपणाचं वाटतं.

सांगाडा गरम करून वाकवलेल्या पीव्हीसी पाइपचा आणि वर बॅनरवाल्यांकडे मिळते ती आतून पोकळ नळ्यांची प्लास्टिकची सनपॅक शीट, असा विचार आहे. शीटच्या आतल्या नळ्या सायकलच्या लांबीला समांतर ठेवल्या की ती कमानीवर छान वळते. आडव्या ठेवल्या की घडी पडते. आधी फक्त पाठीमागची निमुळती शेपटी करावी म्हणतो. पाठीमागे हवेचे भोवरे कमी होतील आणि सामानालाही जागा होईल.

खरी अडचण पुढच्या भागाची आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, बंद कवचात माणूस उकडून निघेल. हवा आत घ्यायला तोंड कुठे आणि केवढं ठेवावं, बाहेर कुठून काढावी? शेजारून ट्रक गेला की झोताने हँडल ओढलं जाईल का? उन्हात सनपॅक किती टिकते, की सरळ पॉलिकार्बोनेट घ्यावं?

ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी मापं आणि फोटो टाकले तर फार मदत होईल. धुळे-जळगावकडचं कुणी असेल तर मी सायकल घेऊन यायला तयार आहे.